इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटीने : आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा वर्षं आम्ही नवरा-बायको उन्हाळ्यातले काही आठवडे इंग्लंडच्या कालव्यांवर काढतो. बहुतेक वेळा आणखी दोन-तीन बोटी सोबत असतात. लंडन-लेस्टरमधले मराठी मित्र आणि पुण्या-मुंबईहून येणारी मंडळी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे घाईघाईत सांगून भागत नाही.

नॅरोबोट म्हणजे हाउसबोटच ना?

नाही. हाउसबोट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर केरळ किंवा श्रीनगर येतं. नॅरोबोट दिसायला पाण्यावर ठेवलेल्या रेल्वेच्या डब्यासारखी असते. लांबी तीस फुटांपासून सत्तर-बाहत्तर फुटांपर्यंत कितीही, पण रुंदी मात्र ६ फूट १० इंच. आत उभं राहून दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात.

हे माप जेम्स ब्रिंडली या अभियंत्याच्या काळापासून चालत आलंय. त्याने ट्रेंट अँड मर्सी कालव्याची लॉक, म्हणजे बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या पाण्याच्या खोल्या, सात फूट रुंदीची धरली. लॉक अरुंद असलं की बांधकाम कमी आणि पाणीही कमी लागतं. १७७७ मध्ये तो कालवा पूर्ण झाला, आजूबाजूचे कालवे त्याच मापाने होत गेले आणि मग बोटीही त्याच मापाच्या झाल्या. या कालव्यामागे जोसाया वेजवुडसारखे कुंभारकामातले कारखानदार उभे होते. खडबडीत रस्त्यावरून चिनी मातीची भांडी नेली की फुटायची, पाण्यावरून नेली की शाबूत पोचायची. पुढे रेल्वेशी स्पर्धा सुरू झाल्यावर नावाड्यांना घरभाडं परवडेना, तेव्हा अख्खी कुटुंबं बोटीच्या मागच्या आठ-दहा फुटांच्या केबिनमध्ये राहायला आली. डबे, बादल्या आणि दारांवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले ही त्याच संसारांची खूण. आजही नव्या बोटींवर ती नक्षी काढतात.

कालवा म्हणजे वाहतं पाणी. मग बोट वाहत नाही का जात?

आपल्याकडे कालवा म्हटलं की पाटबंधारे खातं आणि शेताला सोडलेलं पाणी आठवतं. पुण्यात वाढलेल्यांना मुठा कालवा आठवेल. इथले कालवे शेतीसाठी खोदलेलेच नाहीत, ते मालवाहतुकीसाठी आहेत. दोन लॉकांमधलं पाणी जवळपास तळ्यासारखं स्थिर असतं. लँगोलेन कालवा याला अपवाद आहे, कारण तो डी नदीचं पाणी हर्लस्टनच्या जलाशयापर्यंत नेतो. तिथे प्रवाह हलकासा जाणवतो, जाताना थोडा जास्त वेळ लागतो आणि येताना थोडा कमी.

बोट चालवायला लायसन्स लागतं का? मी आयुष्यात कधी चालवलेली नाही.

भाड्याच्या बोटीसाठी चालवणाऱ्याला कसलंही लायसन्स लागत नाही. निघण्यापूर्वी बोटयार्डातली माणसं तासाभरात सगळं दाखवतात, बऱ्याचदा पहिल्या लॉकपर्यंत सोबतही येतात. तो तास नीट लक्ष देऊन ऐका, मोबाइलवर चित्रण करून ठेवा. संध्याकाळी इंजिनाची कोणती झडप दाबायची हे आठवेनासं होतं.

शिकायचं ते इतकंच. मागच्या बाजूला टिलर नावाचा दांडा असतो. तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. बोट साधारण मधोमध फिरते, म्हणजे पुढचं टोक वळवताना मागचं टोक उलट बाजूला जातं, त्याकडेही लक्ष हवं. ब्रेक नसतो, थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं आणि तेही वेळेवर. पंधरा-अठरा टनांचं लोखंड पायाने थोपवता येत नाही, म्हणून पाय किंवा हात कधीही मध्ये घालू नका. बोट काठावर आपटली तर आपटू द्या, ती त्यासाठीच बांधलेली असते. समोरून बोट आली की आपण उजवीकडे सरकायचं. पुलाखालून वळण दिसत नसेल तर भोंगा वाजवायचा.

एका दिवसात किती अंतर होतं?

वेगमर्यादा ताशी चार मैल. प्रत्यक्षात तीन मैल धरा, म्हणजे काठावरून कुत्रा फिरवणारी बाई तुम्हाला मागे टाकून जाईल. हिशेब सोपा आहे : तीन मैलांना एक तास आणि प्रत्येक लॉकला दहा ते पंधरा मिनिटं. दिवसाला पाच-सहा तासांपेक्षा जास्त चालवू नका.

वेग वाढवून वेळ वाचत नाही हे मात्र नव्या माणसाला लवकर पटत नाही. कालवा उथळ असतो. इंजिन जास्त रेटलं की बोटीखालचं पाणी ओढलं जातं, मागचा भाग खाली बसतो, मागे लाटा उठतात आणि बोट उलट मंदावते. त्या लाटांनी काठ ढासळतो आणि काठाला बांधलेल्या बोटींच्या खुंट्या उपटल्या जातात. बांधलेली बोट दिसली की बरीच आधीपासून वेग कमी करायचा, अगदी इंजिन नुसतं पुटपुटेल इतका. आतमध्ये कुणीतरी चहा ओतत असतं.

लॉक म्हणजे काय, आणि ते आपणच उघडायचं?

हो, बहुतेक ठिकाणी आपणच. मराठीत त्याला जलपाश असा शब्द आहे, पण कालव्यावरची आपली माणसंही लॉकच म्हणतात.

जमीन चढउताराची, पाणी मात्र सपाटच राहणार, म्हणून पाण्याच्या पायऱ्या केल्या आहेत. दगडी भिंतींची एक खोली, दोन्ही टोकांना लाकडी किंवा लोखंडी दारं. वर जायचं असेल तर खालच्या दारातून बोट आत घ्यायची, दार लावायचं, वरच्या बाजूच्या झडपा, म्हणजे पॅडल, उघडायच्या. पाणी आत येतं, बोट वर येते. दोन्हीकडचं पाणी एका पातळीवर आलं की वरचं दार उघडतं. त्याआधी चार माणसांनी जोर लावला तरी ते हलत नाही, आणि पातळी जुळली की एकट्या माणसालाही दाराची लांब तुळई पाठीने रेटून ते उघडता येतं. पॅडल फिरवायला विंडलास नावाचं एल आकाराचं लोखंडी हँडल असतं. ते दांड्यावर तसंच सोडून कधीही बाजूला जाऊ नका. खीळ निसटली तर ते गरागरा फिरतं आणि मनगट मोडू शकतं.

अरुंद लॉक एकदा रिकामं झालं की साधारण २५ हजार गॅलन, म्हणजे एक लाख चौदा हजार लिटरच्या आसपास पाणी खाली जातं. हे पाणी डोंगरमाथ्यावरच्या जलाशयांतून येतं आणि ते सगळ्यांचं आहे. म्हणून लॉकशी पोचल्यावर आधी पलीकडे पाहायचं. समोरून बोट येत असेल आणि लॉक तिच्या बाजूने तयार असेल तर ते तिचं. आपण थांबायचं आणि तिचं दार उघडून द्यायचं. समोरच्याला डावलून लॉक आपल्यासाठी फिरवून घेणं हे इथे उद्धटपणाचं मानतात, आणि ते बरोबरच आहे.

लॉकमध्ये सगळ्यात मोठा धोका कोणता?

खाली उतरताना लागतो तो सिल. वरच्या दाराखाली दगडी उंबरठा असतो. लॉक भरलेलं असताना तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. पाणी उतरायला लागलं आणि बोटीचा मागचा भाग त्या उंबरठ्यावर राहिला, तर पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जातो, मागचा वर लटकतो आणि काही मिनिटांत बोट बुडू शकते. भिंतीवर पांढरी रेघ मारलेली असते. तिच्या पुढेच राहायचं, आणि टिलरवरच्या माणसाने त्या रेघेवरून नजर काढायची नाही.

आमच्या दुसऱ्याच वर्षी ऑक्सफर्ड कालव्यावर हे आमच्या बाबतीत घडलं. मी टिलरवर होतो, बायको वरून काहीतरी विचारत होती, मी मान वर करून उत्तर देत होतो. बोट दोन फूट मागे सरकली ते कळलंच नाही. एकदम कर्रर्र आवाज झाला, स्वयंपाकघरातली भांडी घसरली. आमच्या मागे वाट पाहणाऱ्या बोटीवरची सत्तरीची बाई काही न बोलता धावली, खालची पॅडल बंद केली आणि वरची उघडायला गेली. पाणी परत चढलं, बोट उंबरठ्यावरून उचलली गेली. त्यानंतर तिने आम्हाला चहा दिला, एक शब्द रागाचा नाही. त्या दिवसापासून आमच्या बोटीवर नियम आहे : लॉकमध्ये गप्पा नाहीत, आणि पॅडलपाशी उभ्या असलेल्याने हात वर केला की पाणी बंद.

हेच लक्षात ठेवा. काही चुकतंय असं वाटलं तर आधी पॅडल बंद करायची, विचार नंतर. आणि उतरताना बोटीचा दोर खुंट्याला घट्ट बांधायचा नाही, बोट दोराला टांगली जाते.

इतर बोटींबरोबर प्रवास करता म्हणजे नेमकं काय करता?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण या सगळ्यातला आमचा जीव तिथे आहे.

ग्रँड युनियनसारख्या रुंद कालव्यावर लॉक चौदा फुटी आहेत. त्यात दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात. एकटी बोट गेली तरी पाणी तेवढंच लागतं, मेहनतही तेवढीच, म्हणून जोडी जमवून जायचं. वॉरविकजवळ हॅटनला सुमारे दोन मैलांत २१ लॉक ओळीने चढत जातात. पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं की पांढरी टोकं असलेले पॅडलचे खांब टेकडीवर रांगेने दिसतात. तिथे एकट्याने जाणं म्हणजे दिवसभराची अंगमेहनत. दोन बोटी असतील तर दोघं टिलरवर, दोघं लॉकवर, आणि पाचवा माणूस सायकलने पुढे जाऊन पुढचं लॉक तयार करून ठेवतो. याला इथे लॉक-व्हीलिंग म्हणतात. जमून आलं की दोन्ही बोटी एकमेकींना टेकून, एकाच वेगाने आत शिरतात, दारं बंद होतात, कुणाला काही सांगावं लागत नाही. दोन-चार लॉकनंतर अनोळखी माणसांचे हात असे जुळतात की मला दर वेळी वारीतल्या दिंडीची आठवण येते. तिथेही शेजारचा कोण हे न विचारता आपण त्याच्या पावलाला पाऊल जुळवतो.

सोबत जायचं म्हणजे दिवसभर एकमेकांच्या शेपटीला शेपटी लावून जायचं नाही. अरुंद लॉकवर तीन बोटी एकदम पोचल्या तर दोघांना नुसतं थांबावं लागतं. आम्ही सकाळी वीस-वीस मिनिटांच्या अंतराने निघतो, मुक्काम कुठे करायचा ते ठरवून. जो आधी पोचतो तो मागच्यांसाठी काठावर जागा धरत नाही, कारण तशी जागा अडवायची नसते. तो फक्त आपली बोट दुसऱ्या बोटीला अगदी जवळ बांधतो, म्हणजे मधे फुकट जागा जात नाही. संध्याकाळी एका बोटीवर स्वयंपाक, दुसऱ्या बोटीवर चहा. आमच्या गटात एक निवृत्त बसचालक, एक शाळेतल्या बाई आणि एक जोडपं आहे जे वर्षभर बोटीवरच राहतं. वर्षातून तीन आठवडेच भेटतो, पण आमच्याकडे कुणी आजारी पडलं तेव्हा पहिला फोन त्यांचा होता.

बोगद्यांची भीती वाटते. टाळता येतात का?

मार्ग निवडून टाळता येतात, पण एखादा तरी करावा. नॉर्थॅम्प्टनशायरमधला ब्लिसवर्थचा बोगदा ३,०७६ यार्ड लांब आहे आणि आत दोन बोटी एकमेकींना ओलांडतात. समोरून येणाऱ्या बोटीचा दिवा बराच वेळ एकाच जागी असल्यासारखा वाटतो आणि मग अचानक अंगावर येतो. अशा वेळी वेग कमी करून उजव्या भिंतीला लागून सरळ जायचं, दिव्याकडे पाहत राहायचं नाही. स्टोक-ऑन-ट्रेंटजवळचा हेअरकासल मात्र एकेरी आहे. तिथे राखणदार असतात, ते बोटी गटाने सोडतात, आणि सुमारे चाळीस मिनिटं अंधारात जातात. त्याच्या तोंडापाशी पाणी लोखंडाच्या गंजाने नारिंगी झालेलं आहे. पहिल्यांदा पाहून आम्हाला वाटलं कारखान्याचं सांडपाणी असेल. तो आतल्या खडकातून उतरणारा गंज आहे.

घोड्यांनी बोटी ओढायचे तेव्हा अशा अनेक बोगद्यांत घोड्यासाठी वाटच नव्हती. घोडा डोंगरावरून पलीकडे न्यायचे आणि माणसं बोटीवर आडवी पडून भिंतीला पाय रेटत बोट पुढे सरकवायची. आतल्या थंडीत अर्धा तास उभं राहिलं की ते काम काय असेल याची कल्पना येते.

पहिल्यांदा कुठे जावं?

चार-पाच दिवस असतील तर ऑक्सफर्ड कालव्याचा दक्षिण भाग. ब्रिंडलीच्या पद्धतीने तो जमिनीच्या समपातळीला धरून वळणं घेत जातो. नॅप्टनची नऊ लॉक चढली की क्लेडनपर्यंत अकरा मैल सलग सपाट, तोवर हात बसतो. बॅनबरीला १७९० पासूनचं टूलीज बोटयार्ड आहे, आता आजूबाजूला शॉपिंग सेंटर उभं आहे. त्याची सुकी गोदी अजून वापरात आहे.

एक आठवडा असेल आणि उंचीची भीती नसेल तर लँगोलेन. त्या कालव्यावरचा पाँटकिसिल्टेचा जलसेतू वेल्समध्ये येतो, १८०५ मध्ये टेलफर्ड आणि जेसप यांनी बांधला. डी नदीच्या दरीवर १२६ फूट उंचावरून १,००७ फूट लांबीच्या लोखंडी पन्हळीतून बोट जाते. एका बाजूला चालायची वाट आणि कठडा आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, पन्हळीची कड आणि त्यापलीकडे हवा. मुलांना त्या वेळी आतच बसवा. २००९ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला.

दोन आठवडे असतील आणि मंडळी काटक असतील तर फोर काउंटीज रिंग हा गोल फिरून परत येणारा मार्ग, ११० मैल आणि ९४ लॉक. वर दिलेला हिशेब लावला तर पंचावन्न-साठ तास होतात. एका आठवड्यात करणारे आहेत, पण मग दिवसाला आठ तास. माझा सल्ला दोन आठवड्यांचाच.

डेव्हायझेसचं केन हिल, २९ लॉक, पहिल्या सहलीत नको. ते चालत जाऊन पाहा.

रात्री बोट कुठे बांधायची?

काठावरच्या वाटेच्या बाजूला, जिथे मनाई नसेल तिथे. लॉकच्या अगदी जवळ, पुलाखाली, वळणावर, पाण्याच्या नळापाशी आणि बोट वळवायच्या रुंद जागेत बांधायची नाही. दोन खुंट्या हातोड्याने ठोकायच्या, पुढचा आणि मागचा दोर बांधायचा. काठाला लोखंडी पट्टी असेल तर आकडे मिळतात, ते जास्त पक्के. रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन किंवा जनरेटर चालवायचा नाही. बाकी अंधार असतो, बदकं असतात, आणि जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड असतो.

संडास, पाणी, वीज, गरम पाणी?

नाजूक प्रश्न म्हणून लोक शेवटी विचारतात, मी आधीच सांगतो. संडास दोन प्रकारचे. एकात टाकी असते, ती बोटयार्डात यंत्राने उपसून घेतात. दुसऱ्यात बाहेर काढता येणारा डबा असतो, तो ठरलेल्या जागीच रिकामा करायचा. कालव्यात काही टाकायचं नाही. पाण्याची टाकी काठावरच्या नळांवर भरून घ्यायची, रोज भरावी, चार माणसांच्या आंघोळीत ती लवकर संपते. वीज इंजिन चालताना बॅटरीत साठते आणि पाणीही त्यानेच तापतं. हेअर ड्रायर आणि इस्त्री घरी ठेवून या.

शाकाहारी जेवणाचं काय?

स्वयंपाकघर तुमचं, गॅसची शेगडी तुमची. आम्ही कुकर नेतो. सकाळी पोहे, दुपारी लॉकच्या रांगेत उभं राहून गुंडाळलेल्या पोळ्या, रात्री पिठलं-भात. शेगडी पेटवताना खिडकीची फट उघडी ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कधीही काढून ठेवू नका. बंद केबिनमध्ये तो वायू वासाने कळत नाही.

भाजी-मसाल्यासाठी लंडनचा ग्रँड युनियन उत्तम. बुल्स ब्रिजपाशी बोट बांधून साउथॉलला जाता येतं. तिथून पॅडिंग्टन आर्म हा कालव्याचा फाटा निघतो, लिटल व्हेनिसपर्यंत साडेतेरा मैलांत एकही लॉक नाही, आणि वाटेत अल्पर्टनला कालवा ईलिंग रोडला लागूनच जातो. कढीपत्ता, कोथिंबीर, शेवग्याच्या शेंगा बोटीपासून चार पावलांवर. लेस्टरला बेलग्रेव्ह रोडही चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण तिथला मार्ग सोर नदीतून जातो, पावसाळी दिवसांत नदीच्या पातळीच्या पाट्या वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आई-बाबा भारतातून येणार आहेत. त्यांना झेपेल का? आणि लहान मुलं?

आई-बाबांना बोटीत चढ-उतर करता येते का हा मुख्य प्रश्न. पाऊल उंच टाकावं लागतं, पायऱ्या उभ्या असतात, पलंग अरुंद. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या सकाळी एकदा पुढच्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून बसल्या की दुपारपर्यंत उठायच्या नाहीत. बगळा बोटीच्या पुढे पुढे उडत जातो, थांबतो, आपण जवळ गेलो की पुन्हा उडतो. हे त्या तासन् तास पाहायच्या. घरी परतल्यावरही त्या बगळ्याचीच गोष्ट सांगतात.

मुलांना बाहेर असताना लाइफ जॅकेट, अपवाद नाही. चालत्या बोटीच्या छतावर कुणी बसायचं नाही, पूल फार खाली असतात. कालव्याचं पाणी पोटात जाऊ देऊ नका, जखम झाकून ठेवा, जेवणाआधी हात धुवा. मुंबईच्या पावसाळ्यात ज्या लेप्टोला आपण घाबरतो तोच आजार उंदरांच्या मुतातून इथल्या पाण्यातही येऊ शकतो.

कोणत्या महिन्यात यावं? खर्च किती?

मे महिन्याचा मध्य आणि सप्टेंबर. शाळांच्या सुट्ट्यांत भाडं चढतं आणि लॉकवर रांगा लागतात. नोव्हेंबर ते मार्च बरीच लॉक दुरुस्तीसाठी बंद असतात. चौघांनी-सहांनी बोट वाटून घेतली तर खर्च आवाक्यात येतो. ठरवताना डिझेल, नुकसानीची अनामत आणि पाळीव कुत्र्याचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे, हे विचारून घ्या.

उन्हाळा फार कोरडा गेला तर आणखी एक अडचण येते. २०२५ मध्ये लीड्स अँड लिव्हरपूल कालव्याची लॉक पाण्याअभावी बंद ठेवावी लागली. निघण्याच्या आदल्या दिवशी कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टच्या सूचना जरूर पाहा.

हे दोनशे-अडीचशे वर्षं जुनं सगळं चालू स्थितीत राहिलं कसं?

राहिलं नव्हतं. रेल्वे आली, मग ट्रक आले, कालवे गाळाने भरले, कित्येक बुजवायचं ठरलं होतं. १९४६ मध्ये रॉबर्ट ऐकमन आणि टॉम रोल्ट यांच्या पुढाकाराने इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी राहिली. त्यानंतर कित्येक दशकं साधी माणसं शनिवार-रविवारी गुडघाभर चिखलात उतरून लॉक उपसत राहिली. केनेट अँड एव्हन कालवा १९९० मध्ये पुन्हा सुरू झाला, राणी स्वतः आली होती. २०१२ पासून इंग्लंड-वेल्समधले सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले तेव्हा तरुण मुलींनी प्रशिक्षण घेऊन मालाच्या जोड-बोटी चालवल्या, त्यांचीही आठवण लॉकवर निघते. आज लॉकवर निळ्या कपड्यांतला स्वयंसेवक दिसला तर त्याच्याशी दोन शब्द बोला. तुम्ही ज्या दाराला पाठ लावताय ते अशाच माणसांमुळे उघडतंय.

बोट विकत घेऊन त्यावरच राहावं का?

लंडनची भाडी पाहून हा विचार अनेकांच्या मनात येतो. माझं स्पष्ट मत : फक्त घर स्वस्त पडावं म्हणून घेऊ नका. कायमची जागा नसेल तर १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, सतत पुढे जावं लागतं. अशा बोटींच्या परवान्यावर २०२४ पासून जादा आकारही लागतो. विमा, दर चार वर्षांनी सुरक्षा प्रमाणपत्र, दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला काळा लेप. जानेवारीत पहाटे उठून शेगडीत कोळसा घालायचा आणि बर्फात डबा घेऊन चालत जायचं. हे आवडणारी माणसं आहेत आणि ती फार सुखी आहेत. आधी एकदा मार्चच्या थंडीत आठवडाभर भाड्याने घेऊन पाहा, मग ठरवा.

बोट मधेच थांबली, बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात काही अडकलं तर?

बहुतेक वेळा प्लॅस्टिकची पिशवी, कधी साडीचं कापड, कधी दोर. इंजिन बंद करायचं, चावी काढून खिशात ठेवायची, मग मागच्या बाजूची झाकणाची पेटी उघडून हात घालून सोडवायचं. पाणी थंड असतं. झाकण पुन्हा घट्ट लावल्याची दोनदा खात्री केल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, नाहीतर पाणी थेट आत येतं. उथळ जागी बोट रुतली तर पुढे रेटू नका. आलात त्याच दिशेने मागे घ्या, सगळ्यांना एका बाजूला उभं करा, लांब काठीने ढकला. पाच मिनिटांत कुणीतरी मागून येतंच आणि दोर टाकतं.

आमच्या ओळखीचं कालव्यावर कोणी नाही. सोबत कशी मिळणार?

सकाळी साडेआठच्या सुमारास रुंद लॉकांच्या रांगेच्या पायथ्याशी, वाट पाहायच्या जागेत बोट बांधून ठेवा. विंडलास हातात घेऊन लॉकवर जा, दुसऱ्या कुणासाठी एखादं दार उघडा. थोड्या वेळात मागून बोट येईल आणि टिलरवरचा माणूस लांबूनच हात करून विचारेल, वर जाताय का, एकत्र जायचं का. हो म्हणा. पहिल्या लॉकलाच सांगून टाका की तुम्ही नवे आहात. ते तुम्हाला आधी आत जायला सांगतील, मग स्वतः शेजारी येऊन लागतील.